अवघड पुस्तक हाती घेताना



कॉलेजे सुरू झाली की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "फादर, मुलाच्या बॅगेत अमुक एक पुस्तक सापडले. त्याला ते वाचू द्यावे का?" कधी ती धीट कादंबरी असते, कधी दलित आत्मकथन असते, तर कधी भगतसिंग यांची 'मी नास्तिक का आहे' ही पातळशी पुस्तिका असते. प्रश्नामागची काळजी खरी आहे. ज्या विश्वासासाठी आजी-आजोबांनी खस्ता खाल्ल्या, रोज संध्याकाळी रोझरी म्हणून जो घरात जपला, तो एखाद्या पुस्तकाने हिरावून नेला तर? 'वाच' किंवा 'वाचू नकोस' अशा एका शब्दात याचे उत्तर देता येत नाही. म्हणून आज या पानावर त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

चर्चने काय केले?

पुष्कळांना वाटते की चर्च नेहमीच अशा पुस्तकांना मनाई करीत आले. ही समजूत निराधार नाही. पोप चौथे पॉल यांनी १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची यादी जाहीर केली आणि ती यादी वेगवेगळ्या आवृत्त्यांतून चारशे वर्षे चालली. पोप सहावे पॉल यांच्या काळात, १९६६ साली, ती रद्द झाली. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याचा शुद्ध बुद्धीची चिकित्सा करणारा ग्रंथ १८२७ साली या यादीत गेला होता. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना याच कान्टवर आम्हाला परीक्षा द्यावी लागली! यादी गेली, याचा अर्थ विवेकाची गरज संपली असा नाही. उलट, जे काम एका कार्यालयाकडे होते ते आता प्रत्येकाच्या सदसद्विवेकबुद्धीकडे आले. जबाबदारी वाढली.

मात्र त्या यादीपेक्षा जुनी अशी दुसरीही एक परंपरा चर्चमध्ये आहे. संत पौल अथेन्समध्ये बोलताना ग्रीक कवींच्या ओळी सांगतो. म्हणजे विदेशी, मूर्तिपूजक कवींचे काव्य त्याला माहीत होते. चौथ्या शतकात संत बेसिल यांनी तरुणांना ग्रीक साहित्य कसे वाचावे हे समजावताना मधमाशीचा दाखला दिला. मधमाशी सगळ्याच फुलांवर बसत नाही आणि ज्या फुलावर बसते तेथूनही सगळेच उचलून नेत नाही. उपयोगी असेल तेवढे घेते, बाकीचे तेथेच सोडते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस तर त्याही पुढे गेले. देव आहे का, हा प्रश्न घेतल्यावर ते सर्वांत आधी देव नाही असे म्हणणाऱ्यांची बाजू मांडतात. जगात दुःख आणि वाईट आहे, हा पहिला आक्षेप. निसर्गातील सर्व गोष्टींचा उलगडा निसर्गाच्याच नियमांनी होतो, मग देवाची गरज काय, हा दुसरा. आजही नास्तिकांचे हेच दोन प्रमुख मुद्दे आहेत आणि ते एका संताने साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात नीट मांडून ठेवले आहेत.

अवघड म्हणजे नेमके काय?

सगळी अवघड पुस्तके एका प्रकारची नसतात. निदान चार प्रकार वेगळे करता येतील.

काही पुस्तकांची भाषा अवघड असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. ओवीच्या छंदात एका इंग्रज धर्मगुरूने लिहिलेली ती मराठी आपल्याला आज सहज कळत नाही. येथे फक्त चिकाटी हवी, आणि मोठ्याने वाचण्याची सवय.

काहींचा विचार अवघड असतो. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ या वर्गात येतात. त्यांना वेळ आणि शिक्षक लागतो.

काही पुस्तके समजायला सोपी, पण सोसायला अवघड असतात. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातला शब्द न् शब्द कळतो. आणि कळतो म्हणूनच ते वाचताना मान खाली जाते. प्रभूच्या मेजाभोवती आपण सारे एक आहोत असे आपण म्हणतो, पण मुलामुलींची लग्ने ठरवताना आपल्या ख्रिस्ती घरांतही जात आठवते. अशी पुस्तके आपल्या विश्वासावर घाला घालीत नाहीत, आपल्या दांभिकपणावर घालतात. ती टाळावीशी वाटतात, याचे कारण तेवढेच असते.

चौथा प्रकार म्हणजे ज्यांच्या लेखकाला आपला विश्वास मान्यच नाही, अशी पुस्तके. पालकांची खरी भीती याच प्रकाराची असते.

निवड कशी करावी?

येथे एक पेच आहे. पुस्तक चांगले की वाईट हे वाचल्यावरच कळते, आणि ते वाचावे की नाही हे तर वाचण्याआधी ठरवायचे असते. यातून बाहेर पडण्याची वाट आपण रोजच्या जीवनात वापरतोच. अनोळखी गावी जाताना आपण तेथे जाऊन आलेल्या माणसाला विचारतो. पुस्तकाबाबतही तसेच करावे. मात्र विचारायचे ते अशा माणसाला, ज्याने ते पुस्तक खरोखर वाचले आहे आणि जो तुम्हालाही ओळखतो. दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. न वाचता मत देणारे पुष्कळ भेटतात.

दुसरी कसोटी संत इग्नेशियस लोयोला यांच्या जीवनातून मिळते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती पडली. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवीत असताना मन रमते, पण नंतर कोरडे पडते. संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार मात्र थांबल्यावरही आनंद मागे ठेवतात. पुस्तक वाचताना काय वाटले यापेक्षा ते मिटल्यावर तासाभराने, दिवसाभराने मनात काय उरले, हे पाहावे. मनात दुसऱ्याविषयी कणव उरली, की तुच्छता? स्वतःला तपासावेसे वाटले, की आपणच तेवढे शहाणे असे वाटू लागले?

याच कसोटीवर अवघड पुस्तक आणि अपायकारक मजकूर यांतला फरकही कळतो. अवघड पुस्तक माझ्याकडून कष्ट मागते आणि मला प्रश्न विचारते. अपायकारक मजकूर मला कुरवाळतो. तो कोणाला तरी उपभोगाची वस्तू करतो किंवा कोणाचा तरी द्वेष करायला शिकवतो, आणि त्यासाठी मला विचार करण्याची गरज पडू देत नाही. या दृष्टीने पाहिले तर मुलाच्या बॅगेतील पुस्तिकेपेक्षा आपल्या स्वतःच्या मोबाईलवर रोज सकाळी येणारे आणि आपण न वाचताच पुढे ढकललेले निरोप अधिक चिंतेचे आहेत.

तिसरी गोष्ट वाचणाऱ्याची. करिंथकरांना लिहिताना संत पौल बाळाचे दूध आणि मोठ्यांचे अन्न असा फरक करतो. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्याचे मन निराशेने खचले आहे, त्याने आजच सर्वांत काळोखे पुस्तक उघडावे असे नाही. पुस्तक खाली ठेवणे हा पराभव नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. केवळ कर्तव्य म्हणून वाचू नये, प्रत्येकाने आपल्या जीवनाशी बोलणारे पुस्तक शोधावे, असे त्यांचे त्यात सांगणे आहे. आणि हेही ध्यानात ठेवावे की जाड पुस्तके वाचणारा अधिक चांगला माणूस होतोच असे नाही. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आयांनी ईयोबाचे दुःख जगून दाखवले आहे.

वाचावे कसे?

आपण आठवी आज्ञा पाठ केली आहे : खोटी साक्ष देऊ नकोस. ही आज्ञा लेखकांनाही लागू होते. पुस्तक न वाचता 'ते धर्माविरुद्ध आहे' असे सांगत फिरणे ही खोटी साक्षच आहे. लेखक काय म्हणतो हे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. मग ते खरे की खोटे, हे बोलण्याचा अधिकार मिळतो. संत इग्नेशियस हेच शिकवतात : दुसऱ्याच्या विधानाचा होता होईल तो चांगला अर्थ घ्यावा, तो लागत नसेल तर त्याला विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावे.

आता भगतसिंगांच्या त्या पुस्तिकेकडे येऊ. हा लेख त्यांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात लिहिला. २३ मार्च १९३१ रोजी त्यांना फाशी झाली. तुझी नास्तिकता गर्वातून आली आहे, असा आरोप त्यांच्यावर झाला होता आणि त्या आरोपाला हा लेख उत्तर देतो. तेव्हा 'गर्विष्ठ होता' एवढे म्हणून आपण पुस्तिका मिटली, तर आपण ती वाचलीच नाही असे होईल. सर्वशक्तिमान देव असताना जगात एवढे दुःख का, हा प्रश्न ते विचारतात. पुढे ते सांगतात की फासावर जाताना मला स्वर्गाची आशा नाही, कोणत्याही बक्षिसाची अपेक्षा नाही. तरीही मी जाणार आहे.

हे वाचून आपण काय करावे? मला येथे ईयोबाचा ग्रंथ आठवतो. त्याच्या पहिल्याच अध्यायात सैतान देवाला विचारतो की ईयोब काय फुकट तुझी भक्ती करतो? त्याला तू भरभरून दिले आहेस, म्हणून करतो. एका नास्तिक तरुणाचा लेख आपल्याला नेमका याच प्रश्नापुढे आणून उभा करतो. नोकरी लागावी म्हणून नोव्हेना, परीक्षेसाठी मेणबत्ती, मरणानंतर स्वर्ग. हे सगळे बाजूला केले, तर देवावरचे माझे प्रेम किती उरते? भगतसिंगांचा निष्कर्ष मला मान्य नाही. बक्षिसाची अपेक्षा नसलेले प्रेमच देव कसा आहे हे दाखवते, असे मी क्रुसाकडे पाहून मानतो. पण हा प्रश्न त्यांनी मला विचारला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ईयोबाच्या ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. ईयोबाचे मित्र पानोपानी देवाची बाजू घेऊन बोलतात. दुःख आले म्हणजे तू पाप केले असणारच, असे त्याला बजावतात. शेवटी देवाचा कोप कोणावर होतो? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, तर या मित्रांवर. त्यांनी देवाविषयी योग्य ते सांगितले नाही, असे देव म्हणतो. लंगड्या युक्तिवादांनी केलेला बचाव देवालाही नको आहे. आपल्या मुलांच्या प्रश्नांना घाईघाईने उत्तरे देताना आपण हे विसरू नये.

विश्वास डळमळला तर?

तसे होऊ शकते. पुस्तके वाचून चर्चपासून दूर गेलेली माणसे आहेत आणि 'काही होणार नाही' असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण प्रश्न कानावर पडू न देता राखलेला विश्वास बहुधा सवयीवरच उभा असतो. पहिले मोठे दुःख आले की तो ढासळतो, मग पुस्तक वाचलेले असो वा नसो. म्हणून तरुणांना माझे सांगणे एवढेच : प्रश्न सुटेपर्यंत प्रार्थना थांबवू नका. प्रश्न घेऊनच मिस्साला या. मनात शंका असणे हे देवळाबाहेर थांबण्याचे कारण नाही.

आणि पालकांना सांगणे हे की, पुस्तक लपवण्याआधी ते स्वतः वाचा. 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये एक इथिओपियन अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत असतो. फिलिप त्याला विचारतो, वाचतोस ते समजते का? कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो म्हणतो. फिलिप त्याच्या हातून गुंडाळी काढून घेत नाही. तो रथात चढतो, त्याच्याजवळ बसतो आणि तो जेथे वाचत होता तेथूनच सुरुवात करतो. एकट्याने वाचणाऱ्याला पुस्तकापेक्षा त्याच्या एकटेपणाचा धोका अधिक असतो.

म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून, दुसऱ्या मिस्सानंतर, आपण चर्चच्या सभागृहात ईयोबाचा ग्रंथ एकत्र वाचणार आहोत. बेचाळीस अध्याय आहेत, घाई करायची नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते बरोबर आणावे, त्यातील टिपांचा उपयोग होईल. आपल्या मुलांनाही घेऊन या. आणि त्यांच्या बॅगेत एखादे पुस्तक असेल, तर तेही बॅगेत राहू द्या.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू