उतरण्याचा अधिकार

जिथे पोहोचता येते तिथे जाण्याचा अधिकारही असतोच, असे आजचा प्रवासी सहज गृहीत धरतो. परंतु एखादी गोष्ट करता येणे आणि ती करण्याचा अधिकार असणे यांत भारतीय धर्ममीमांसेने फार पूर्वीच भेद केला होता, आणि तो भेद किती आवश्यक आहे हे निर्मनुष्य भासणाऱ्या वाळवंटी प्रदेशातही तपासून पाहता येते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही निदरी, म्हणजे उंच, उभ्या कड्यांमधून वाहणाऱ्या नदीची खोल दरी, या तपासणीसाठी विशेष उपयुक्त आहे, कारण तिच्या आत थेट नदीकाठापर्यंत मोटार नेणारा एकच रस्ता आहे. डायमंड क्रीक या ओढ्याच्या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता वालापाय या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातून जातो, आणि त्यावर गाडी घालण्यापूर्वी जमातीचा परवाना घ्यावा लागतो.

जुन्या 'रूट ६६' महामार्गावरील पीच स्प्रिंग्ज हे वालापायांचे मुख्य गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटर उंचीवर आहे, तर नदीकाठ सुमारे ४०० मीटरवर. म्हणजे तीसेक किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर गाडी एक हजार मीटरहून अधिक खाली उतरते. आरंभी रस्ता रुंद आणि खडीचा असतो, मग दोन्ही बाजूंचे चुनखडकाचे कडे जवळ येऊ लागतात, आणि शेवटच्या टप्प्यात रस्ता व ओढा यांच्यातला फरकच नाहीसा होतो, कारण चाके ओढ्याच्या पात्रातूनच चालवावी लागतात. इथे चालक गाडी 'फोर व्हील ड्राइव्ह'वर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशा स्थितीत, आणतो, लहान गिअर टाकतो आणि गोट्यांवरून वाहणाऱ्या उथळ पाण्यातून, थांबू न देता पण घाईही न करता, ती पुढे काढतो. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत वर पठारावर कोसळलेल्या सरीचे पाणी मातकट लोंढा होऊन अचानक या घळीत उतरते, आणि आदल्या दिवशीचा रस्ता दुसऱ्या दिवशी गोट्यांच्या ढिगाखाली गेलेला असतो. पूर ओसरला की यंत्रे लावून तो पुन्हा काढावा लागतो. त्यामुळे हा रस्ता एकदा बांधून कायमचा झालेला नाही, तो पुन्हा पुन्हा मिळवावा लागतो.

पवित्र स्थळी वाहनाने जावे की नाही, याचा विचार आपल्याकडील तीर्थविषयक ग्रंथांनी केला आहे. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात असे सांगितले आहे की, ऐश्वर्यामुळे, लोभामुळे किंवा मोहामुळे जो वाहनातून तीर्थाला जातो त्याची यात्रा निष्फळ होते. या वचनाचा सरळ अर्थ पायी चालण्याचे समर्थन असा घेतला जातो, आणि पंढरीच्या वारीची परंपरा जपणाऱ्या मराठी मनाला तो पटतोही; परंतु वचनाचा भर वाहनापेक्षा त्यामागच्या हेतूवर आहे, हे दृष्टिआड होऊ नये. वाहन हाच दोष असता तर हेतूंची नावे घेण्याची गरज नव्हती. वृद्ध, आजारी किंवा अपंग माणसाला वाहनाशिवाय नदीचे दर्शन घडणारच नसेल, तर त्याच्या वाहनात ऐश्वर्यही नाही आणि मोहही नाही. कष्ट हा भक्तीचा एक मार्ग आहे, तिचे मोजमाप नव्हे.

तरीही निदरीच्या तळाशी जाणारी वाट डोंगराच्या वाटेपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे, आणि तो वेगळेपणा नैतिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. डोंगर चढणारा यात्रेकरू आधी श्रम करतो आणि मग शिखरावर पोहोचतो, त्यामुळे दर्शन हे आपल्या श्रमाचे फळ आहे असे त्याला वाटू शकते. निदरीत उतरणाऱ्याला मात्र गुरुत्वाकर्षण आधी सर्व काही देते आणि मोबदला परतीच्या चढावर मागते. तो तळाशी पोहोचतो तेव्हा त्याने अजून काहीही फेडलेले नसते, आणि मोटारीने आलेल्याला तर परतीची चढणही इंजिन फेडून देते. म्हणून कष्टांतून निर्माण होणारा हक्क, जो मुळातच डळमळीत आहे, इथे उभाच राहू शकत नाही. तळाशी आलेला प्रत्येक जण ऋणी म्हणूनच आलेला असतो, आणि उरलेला प्रश्न एवढाच की, हे ऋण कोणाचे.

या प्रश्नाकडे वळण्यासाठी पूर्वमीमांसेची, म्हणजे वैदिक विधींच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र असलेल्या दर्शनाची, अधिकाराची कल्पना उपयोगी पडते. एखादे कर्म करण्यास कोण पात्र, याचे उत्तर मीमांसक चार अटींनी देतात: कर्ता अर्थी हवा, म्हणजे त्याला फळाची खरी इच्छा हवी, तो समर्थ हवा, तो विद्वान, म्हणजे त्या कर्माची जाण असलेला, हवा, आणि त्या कर्माला त्याला मनाई नसावी. या चौकटीत मोटारीचे स्थान नेमके दिसते, कारण ती चारपैकी केवळ दुसरी अट पूर्ण करते. ती सामर्थ्य देते. इच्छा शुद्ध करत नाही, ज्ञान देत नाही आणि अनुमती मिळवून देत नाही. आधुनिक प्रवासाची चूक सामर्थ्य वाढवण्यात नाही, सामर्थ्य वाढले की उरलेल्या तीन अटी आपोआप मिटतात असे मानण्यात आहे.

इच्छेचे उदाहरण या जागेच्या इतिहासातच आहे. अमेरिकी लष्करातील अधिकारी जोसेफ आइव्ह्ज याची तुकडी १८५८च्या एप्रिलमध्ये वालापाय वाटाड्यांच्या मदतीने डायमंड क्रीकच्या मुखाशी, निदरीच्या तळाला, पोहोचली. आइव्ह्जला तेथील भव्यतेने थक्क केले, पण १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने हा प्रदेश निरुपयोगी ठरवला आणि आपल्यामागून गोऱ्यांची दुसरी तुकडी इकडे फिरकणार नाही, असे भाकीत केले. १८८४मध्ये या ओढ्याकाठी प्रवाशांसाठी हॉटेल उभे राहिले, यावरून ते भाकीत चुकलेले दिसते. पण भाकितापेक्षा त्यामागची दृष्टी अधिक चुकीची होती. ज्यांनी त्याला वाट दाखवली त्यांच्यासाठी ती भूमी घर होती, आणि उपयोग शोधणाऱ्या इच्छेला समोरचे घर दिसले नाही.

ज्ञानाच्या अटीचा विचार खडकांपासून करता येतो. नदीच्या पातळीवर जे काळपट सुभाजा खडक, म्हणजे प्रचंड उष्णता व दाब यांनी रूप पालटलेले थराथरांचे खडक, आणि त्यांत घुसलेले गुलाबी ग्रॅनाइट दिसते, ते सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे आहे. त्यावर विसावलेला वालुकाश्म मात्र पन्नासेक कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे दोन थरांमधल्या एका रेषेत शंभर कोटींहून अधिक वर्षांची नोंदच पुसली गेली आहे. भूवैज्ञानिक या तळखडकांना 'विष्णू' या नावाने ओळखतात, कारण क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने निदरीच्या पूर्व भागातील एका सुळक्याला 'विष्णू टेंपल' म्हटले आणि पुढे ते नाव खडकांकडे आले. भारतीय वाचकाला हे वाचून आपलेपणा वाटणे साहजिक आहे. पण इथे जाणकारीची खरी कसोटी लागते. डटनने पूर्वेकडील देवतांची नावे भव्यतेचा आविष्कार म्हणून वापरली, त्या नावाने तो खडक वैष्णवांचा झाला नाही, आणि ज्यांच्या भूमीवर तो आहे त्यांच्या कथांना तो परकाच राहिला. वालापायांच्या श्रद्धेनुसार कोलोरॅडो नदी हा त्यांच्या जीवनाचा कणा आहे आणि त्या कण्याशिवाय लोक म्हणून त्यांचे अस्तित्व टिकू शकत नाही. ज्याला खडकाचे वय ठाऊक आहे पण ही श्रद्धा ठाऊक नाही, त्याचे ज्ञान अर्धेच आहे.

चौथी अट अनुमतीची आहे, आणि तिच्यामागे दुःखाचा इतिहास आहे. १८७४मध्ये अमेरिकी लष्कराने वालापायांना त्यांच्या थंड पठारावरून हाकलून कोलोरॅडोच्या खालच्या खोऱ्यातील ला पाझ येथे नेले, आणि त्या उष्ण, रोगट प्रदेशात अनेक जण मरण पावले. उरलेले पुढच्या वर्षी निसटून परत आले, तेव्हा त्यांच्या झऱ्यांवर आणि कुरणांवर इतरांचे कब्जे बसले होते. १८८३ साली राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या आदेशाने राखीव प्रदेश ठरला, तरी रेल्वे कंपनीचा त्यातील जमिनींवरचा दावा कायम राहिला. अखेर १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रत्यक्ष वहिवाट सिद्ध झाली तर तह किंवा सनद नसतानाही जमातीचा भूमीवरील मूळ हक्क मान्य करावा लागतो. आज प्रवाशाला घ्यावा लागणारा परवाना या साऱ्या इतिहासाच्या अलीकडच्या टोकाला उभा आहे.

इथे महाराष्ट्राच्या अनुभवातून एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अधिकाराच्या याच सिद्धांताने शूद्रांना वैदिक कर्मांतून वगळले; बादरी या आचार्यांचे सर्वांना अधिकार देणारे मत जैमिनींच्या सूत्रांत नोंदवले गेले, पण स्वीकारले गेले नाही. पुढे अनुमतीच्या नावाखाली माणसांना देवळांपासून आणि पाण्यापासून दूर ठेवण्यात आले, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन ती अनुमतीची कल्पनाच झुगारून दिली. मग नदीकाठी जाण्यासाठी एका जमातीचा परवाना मागणे हे त्याच प्रवृत्तीचे दुसरे रूप नाही का?

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की उत्तर स्पष्ट होते. महाडचे तळे सार्वजनिक होते आणि मुंबई कायदे मंडळाच्या १९२३च्या बोले ठरावाला अनुसरून नगरपालिकेने ते १९२४मध्ये सर्वांना खुले केले होते. तिथे बळ असलेल्यांनी त्याच भूमीवर राहणाऱ्यांना जन्माच्या कारणाने पाणी नाकारले. सवर्णांनी न्यायालयात अनादी रूढीचा आधार घेतला, पण मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय दिला. डायमंड क्रीकवर बळ आणि गरज यांची बाजू उलट आहे: परवाना मागणारा प्रवासी सामर्थ्यवान आहे, त्याची तहान तिथे अडलेली नाही, आणि परवाना देणारे लोक तेथून हाकलले जाऊन परतलेले आहेत, शिवाय परवाना मागताना कोणाचा जन्म विचारला जात नाही. एका ठिकाणी जुनेपणाचा दावा माणसांना वगळण्यासाठी झाला, दुसऱ्या ठिकाणी तो राहत्या घराचे रक्षण करण्यासाठी झाला. म्हणून अनुमती न्याय्य की अन्याय्य, हे तिच्या प्राचीनतेवरून ठरत नाही. ती कोणाच्या जगण्याचे रक्षण करते आणि कोणाचे जगणे अडवते, यावरून ठरते. या कसोटीवर मीमांसेची चौथी अट तिच्या जन्माधिष्ठित अर्थातून सोडवून घेता येते, आणि घेतली पाहिजे.

यातून वाहनाविषयीचा मूळ प्रश्नही सुटतो. मोटारीने निदरीच्या तळाशी जाणे अधर्म नाही, आणि पायी जाणे आपोआप धर्म होत नाही, कारण दोन्ही केवळ सामर्थ्याची रूपे आहेत. जो प्रवासी परवाना हा अडथळा न मानता यजमानाचा होकार मानतो, ओढ्याला पाणी चढले तर गाडी मागे वळवतो, आणि पाहिलेल्या खडकावर आपल्या नावाचा वा आपल्या देवाच्या नावाचा हक्क सांगत नाही, त्याच्या सामर्थ्याला अधिकाराची जोड मिळालेली असते. ऋण कोणाचे, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: ते नदीचे आहे आणि नदीला आपला कणा मानून तिच्या काठी टिकून राहिलेल्या लोकांचे आहे. ते पूर्ण फेडता येत नाही; पण आपण इथे पाहुणे आहोत हे ओळखून वागणे हा त्याचा पहिला हप्ता आहे, आणि तो न देता घेतलेल्या दर्शनाला, वाट कितीही खडतर असली, यात्रा म्हणता येणार नाही.