पुढच्या बाकावरचं मूल

वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला गेलात, तर रांगत्या-दुडदुडत्या मुलांच्या आया शेवटच्या बाकांवर दिसतील. त्यांना तिथं कुणी बसवलेलं नसतं. मूल रडलं तर चटकन बाहेर पडता यावं, म्हणून त्या आपणहून मागं बसतात. प्रवचन सुरू होतं, मूल बाक ठोकू लागतं, चप्पल भिरकावतं आणि चार माना मागं वळतात. आई त्याला कडेवर घेऊन आवारात जाते, ती थेट ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आत येते. असे काही रविवार गेले की ती यायचीच थांबते. मला त्या वळणाऱ्या मानांशी बोलायचं आहे.

'त्याला काय कळतंय? ठेवावं घरी आजीपाशी,' असं आपण सहज म्हणतो. नियमाच्या भाषेत ते चूकही नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेनुसार सात वर्षं पूर्ण न झालेल्या मुलावर रविवारच्या मिस्सेचं बंधन नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठीही साधारण सात हेच वय धरतात. पोप दहावे पायस यांनी १९१० साली तसं ठरवून दिलं. पण बंधन नसणं वेगळं आणि जागा नसणं वेगळं. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत तर तान्ह्या बाळालाही ख्रिस्तप्रसाद भरवतात. समज आल्यावर ये, असं तिथं त्याला कुणी सांगत नाही.

आणि कळणं म्हणजे तरी काय? मिस्सा ही नुसती ऐकायची गोष्ट नव्हे. आपण उठतो, बसतो, गुडघे टेकतो, गातो. दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतो. धूप दरवळतो, फादर भाकर उंचावतात तेव्हा घंटा वाजते. अडीच वर्षांच्या मुलाला शुभवर्तमानाचा अर्थ सांगता येणार नाही, पण घंटा वाजली की ते खेळणं थांबवून मान वर करतं. तेवढ्यापुरतं ते आपल्यापेक्षा जास्त तिथं असतं. आपल्यातले कितीतरी जण त्या क्षणी दुपारच्या जेवणाचा विचार करत असतात. फक्त त्याला काही दिसायला हवं. मागच्या बाकावरून त्याला मोठ्यांच्या पाठीच दिसतात, मग कंटाळून ते चप्पल फेकणार नाही तर काय करणार?

आपल्याच गावांत, शेजारच्या देवळात कीर्तन रंगतं तेव्हा मुलं मांडीवरून उतरतात, टाळ हाताळतात, तिथंच झोपतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमनं १९६९ साली जमिनीवर बसून, पादत्राणं काढून मिस्सा करायला परवानगी दिली. मोठ्या चर्चमध्ये आपण बाकांनाच चिकटून राहिलो. वेदीच्या बाजूला एक सतरंजी अंथरली, तर निम्मी चुळबुळ तिथंच जिरेल असं मला मनापासून वाटतं.

मार्कच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग सर्वांना पाठ आहे. बालकांना येशूकडे आणलं जातं आणि शिष्य दटावतात. पण दटावतात कुणाला? त्यांना आणणाऱ्यांना. शिष्यांचा हेतू बहुधा चांगलाच असावा, गुरूला त्रास होऊ नये एवढाच. मान वळवणाऱ्यांचाही हेतू वाईट नसतो. आठवडाभराच्या दगदगीनंतर तासभर शांतता मिळावी, ही म्हाताऱ्या माणसाची मागणी खरी आहे, आणि सलग हंबरडा फोडणाऱ्या मुलाला बाहेर न्यायलाच हवं. पण येशू रागावला तो शिष्यांवर.

मुलांसोबतच्या मिस्सेविषयी रोमनं १९७३ साली मार्गदर्शिका काढली. सहभागी होऊ न शकणाऱ्या लहानग्यांना धर्मग्रामातल्या मदतनिसांनी वेगळ्या जागी सांभाळावं आणि शेवटी सगळ्यांबरोबर आशीर्वादासाठी आत आणावं, असा एक मार्ग तिच्यात सुचवला आहे. 'मदतनीस' म्हणजे एकटी आई नव्हे. बाप्तिस्म्याच्या दिवशी अख्ख्या धर्मग्रामानं त्या बाळाचं स्वागत केलेलं असतं, मग दोन वर्षांनी ते एका बाईच्या कडेवरचं ओझं कसं होतं?

म्हणून पुढची दोन बाकं लहान मुलांच्या घरांसाठी ठेवावीत. शेजारी बसलेल्या काकींनी मूल क्षणभर मांडीवर घ्यावं. आणि ते अगदीच हाताबाहेर गेलं, तर बापानं त्याला बाहेर न्यावं, म्हणजे आईला प्रवचन पूर्ण ऐकता येईल.