सातत्य कुणाचं?

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यात, बेदाण्याचा हंगाम संपत आला की बागायतदारांच्या बोलण्यात एक प्रश्न येतो : किलोला किती लागली? म्हणजे एक किलो बेदाणा तयार व्हायला किती किलो द्राक्षं गेली? साधारण उत्तर असतं ४. कुणी साडेतीन म्हणालं तर ऐकणाऱ्याची मान डोलते. कुणी पावणेपाच म्हणालं, तर 'याचं कुठंतरी चुकलंय' असं मनातल्या मनात ठरून जातं. अशी दोनतीन वर्षं लागोपाठ खालीवर गेली, की त्या माणसाबद्दल एक वाक्य तयार होतं : 'त्याच्या कामात सातत्य नाही.' हे वाक्य पुढं उधारी देणाऱ्यापर्यंत, व्यापाऱ्यापर्यंत आणि सोयरीक जुळवणाऱ्यापर्यंतही जातं. माणसाला असं आकड्यावरून जोखणं कितपत न्याय्य आहे, हा इथला प्रश्न.

आधी तो आकडा उलगडून बघू. द्राक्ष म्हणजे पाणी आणि त्यात विरघळलेली मुख्यतः साखर. ती किती, हे ब्रिक्समीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून कळतं. १८ ब्रिक्स म्हणजे १०० किलो रसात ढोबळमानानं १८ किलो विरघळलेला ऐवज. बेदाण्यात सुमारे १५ टक्के पाणी उरतं असं धरलं, तर १८ ब्रिक्सच्या १०० किलो द्राक्षांचा बेदाणा २१ किलोंच्या आसपास भरेल. म्हणजे किलोला जवळपास पावणेपाच किलो द्राक्षं लागणारच. तीच द्राक्षं २४ ब्रिक्सची असतील, तर १०० किलोंचा २८ किलो बेदाणा होईल आणि किलोला साडेतीन किलो पुरतील.

आता दोन शेतकरी समोर ठेवू. पहिल्याची द्राक्षं १८ ब्रिक्सची होती आणि त्याला किलोला पावणेपाच लागली. दुसऱ्याची २४ ब्रिक्सची होती आणि त्याला ४ लागली. गावाच्या हिशोबात दुसरा हुशार. पण पहिल्यानं वेलीनं दिलेलं जवळजवळ सगळं पदरात पाडून घेतलंय. दुसऱ्याला साडेतीन पुरायला हवी होती; त्याचा दहावा हिस्सा तरी गळीत, खराब मण्यांत किंवा शेडवरच्या हयगयीत गेला. वेलीनं काय दिलं हा एक आकडा आणि हातानं त्यातलं किती राखलं हा दुसरा. 'किलोला किती' या प्रश्नात दोन्ही एकत्र कालवले जातात आणि सगळं श्रेय किंवा सगळा दोष हाताच्या नावावर जमा होतो.

हे दोन आकडे वेगळे ठेवायची सवय एका अगदी निराळ्या कामात दिसते : बार्लीच्या माल्टपासून घरी बिअर करण्याच्या छंदात. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळं परवान्याशिवाय हे करता येत नाही, पण अमेरिकेसारख्या देशांत घरच्यापुरती बिअर करायला मुभा आहे आणि तिथं हा छंद मोठा आहे. भरडलेलं माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं, की त्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून घेतात आणि त्याची घनता मोजतात. पाण्याची १.०००, तर काढ्याची समजा १.०५० हवी. ५ किलो माल्टमधली सगळी साखर २० लिटर काढ्यात उतरली, तर घनता १.०७५च्या आसपास जायला हवी; प्रत्यक्षात १.०५० आली, म्हणजे तीनातले दोन भाग हाती लागले. धान्यात किती होतं आणि आपण किती काढलं, हे इथं दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलं जातं.

या छंदात नवखा माणूस आधी दुसऱ्या रकान्यातला आकडा वाढवायच्या मागं लागतो. तो माल्ट जास्त बारीक दळतो, चोथ्यावरून पुन्हा पुन्हा गरम पाणी सोडतो. साखर थोडी वाढते, पण गाळणी तुंबते किंवा टरफलांचा तुरटपणा उतरतो. मुरलेला माणूस वेगळा विचार करतो. दर वेळी ६७ टक्केच निघत असतील तर बिघडलं काय? मूठभर माल्ट जास्त घ्यायचं, घनता बरोबर येते. एकदा ८० आणि एकदा ६० निघणाऱ्याला मात्र किती माल्ट घ्यायचं हेच ठरवता येत नाही. कमी पण ठरलेल्या आकड्यावर इलाज आहे. बेभरवशाच्या उच्चांकावर नाही. सातत्याला नैतिक वजन येतं ते यामुळंच. सातत्य म्हणजे दुसऱ्याला दिलेला शब्द. आपल्यावर विसंबून कुणीतरी पुढचं पाऊल टाकत असतं.

पण सातत्य आहे की नाही, हे ठरवायला तरी किती वेळा मोजायला हवं? हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट या तरुण रसायनज्ञासमोर उभा राहिला. तो १८९९ मध्ये तिथं लागला. माल्टमधून निघणारा अर्क दर मोजणीला थोडा वेगळा भरायचा, आणि मोजण्या तर मोजक्याच परवडायच्या. एवढ्या थोड्या मोजण्यांवरून किती खात्रीनं बोलायचं, याचं गणित त्यानं बसवलं आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं छापलं. आज शेती विद्यापीठांतल्या प्रयोगांनाही त्याची टी-चाचणी लावतात. तिचं सार घरगुती भाषेत असं : दोनतीन आकड्यांतला फरक पाहून निष्कर्षाला घाई करू नये, कारण तेवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो. बागेला वर्षातून एकच हंगाम मिळतो. माणसावर शिक्का मारायला मात्र आपल्याला तीन हंगाम पुरतात.

घरी बिअर करणाऱ्याकडं पाणी नळाचं, माल्ट पिशवीतलं आणि तापमान त्याच्या हातातलं असतं. जतच्या शेतकऱ्याकडं यातलं काय असतं? तालुका पर्जन्यछायेतला. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी काही गावांना मिळालं, पूर्व भागातली कित्येक गावं वाट बघत राहिली. ही तहान इतकी जुनी, की नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगताना पाण्याच्याच दुखण्याचा आधार घेतला. ज्याचं शेततळं भरलेलं, त्याच्या वेलीवर शेवटपर्यंत पानं टिकतात, मण्यात गोडी भरते. ज्याला टँकरवर बाग जगवायची, त्याची पानं आधीच सुकतात आणि गोडी भरायची थांबते. अवकाळीच्या धास्तीनं आठवडाभर आधी काढणी केली तरी ब्रिक्स कमीच. पहिल्याचा आकडा वर्षानुवर्षं स्थिर राहतो आणि दुसऱ्याचा हेलकावे खातो. आपण पहिल्याला शिस्तीचा म्हणतो, दुसऱ्याला धरसोडीचा. खरं तर आपण मोजलेलं असतं शेततळं.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये याच अडचणीला 'नैतिक दैव' असं नाव दिलं. जे माणसाच्या ताब्यात नाही त्याबद्दल त्याला दोष देऊ नये असं आपण मानतो, आणि निवाडा मात्र नेमका त्यावरच करतो. आपल्याकडं यावर तयार उत्तर आहे : कर्म आपलं, फळ आपलं नाही. पण एवढ्यानं भागत नाही. बँकेचा हप्ता फळातूनच जातो. शिवाय या उत्तराआड आळशी माणूसही लपू शकतो. शेडवर बेदाणा वेळेवर न हलवणारा, डिपिंगचं द्रावण अंदाजानं कालवणारा माणूसही 'पाऊसच नव्हता' म्हणून मोकळा होईल. सगळा दोष हातावर टाकणं जसं अन्यायाचं, तसा सगळा दोष आभाळावर ढकलणंही अप्रामाणिकपणाचं.

यातून वाट काढायला वहीतले ते दोन रकाने पुरे पडतात. काढणीच्या दिवशीचा ब्रिक्स, द्राक्षांचं वजन, बेदाण्याचं वजन, एवढं लिहिलं की आभाळाचा वाटा आणि हाताचा वाटा वेगळा होतो. पावणेपाचवाला ताठ मानेनं सांगू शकतो की माझ्या हातून काही सांडलं नाही. साडेतीनवाल्यालाही कळतं की या यशात भरलेल्या तळ्याचा हिस्सा किती. फळाचं सातत्य सगळ्यांना परवडत नाही; हिशोबाच्या खरेपणातलं सातत्य त्यापेक्षा पुष्कळ जणांच्या आवाक्यातलं आहे. माणसाकडून नैतिक अपेक्षा करायचीच असेल तर ती या दुसऱ्या सातत्याची करावी.

आणि जोखणाऱ्यावरही तेवढीच जबाबदारी येते. 'किलोला किती लागली' हे विचारण्याआधी 'ब्रिक्स किती होता' हे विचारावं, आणि त्याच्याही आधी 'पाणी किती होतं' हे.