शंकासमाधान : वेध पाळायचे की वेध घ्यायचे?

शंका : चंद्रग्रहणाच्या रात्री मी देवापुढे जप करीत बसले होते आणि नातू दुर्बीण घेऊन गच्चीवर गेला. ग्रहण डोळ्यांनी पाहू नये, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी त्याला अडवायला हवे होते का? (एक आजी, सातारा)

समाधान : नाही, आजी. तुमचा जप आणि त्याची दुर्बीण यांचे भांडण नाही. पंचांग उघडून पाहा. जे ग्रहण आपल्याकडे दिसणार नसते, ते पाळू नये, असे त्यातच लिहिलेले असते. म्हणजे पाळण्याचा नियमच दिसण्यावर उभा आहे. मग पाहणे पाप कसे ठरेल?

'वेध' हा शब्दच घ्या. आपण ग्रहणाचे वेध पाळतो, ज्योतिषी ग्रहांचे वेध घेतो. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ असे वेध घेत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' रचून ग्रहगणित सोपे केले. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या त्यावरून तयार झाली. स्पर्श आणि मोक्षाच्या ज्या वेळा बघून तुम्ही जपाला बसता, त्या कुणीतरी रात्र रात्र आभाळ पाहिले म्हणून आपल्याला मिळाल्या. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला, हे तर आर्यभटाने 'ग्रहलाघवा'च्याही हजार वर्षे आधी सांगून ठेवले होते.

अमुक राशीच्या लोकांनी ग्रहण पाहू नये, असेही काही पंचांगांत छापतात. मला ते मान्य नाही. सावली कुणाची रास विचारून पडत नाही.

पुढच्या वेळी जप आटोपला की नातवाबरोबर गच्चीवर जा. पौर्णिमेच्या चांदण्यात बारीक तारे बुडून गेलेले असतात. चंद्र खग्रास झाला की ते एकेक करून वर येऊ लागतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण सावलीत होता. जिथे ढगांनी वाट दिली, तिथे तांबूस चंद्राच्या जवळच शनी दिसला. तो तांबूस रंग अपशकुनाचा नव्हे. पृथ्वीच्या कडेवर त्या घटकेला जेवढे सूर्योदय आणि सूर्यास्त होत असतात, त्यांचा उजेड हवेतून वळून चंद्रावर पडतो, त्याचा तो रंग.

शंका : माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. ग्रहणात तिने चिरले-कापले तर बाळाचा ओठ दुभंगतो, असे शेजारणी सांगतात. जीव धास्तावला आहे. (एक सासूबाई, लातूर)

समाधान : धास्ती सोडा. बाळाचे ओठ गर्भारपणाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून झालेले असतात. तुमच्या सुनेच्या बाळाचे ते केव्हाच तयार झाले. आता विळीवर भाजी चिरल्याने ते दुभंगणार नाहीत. दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की आईने ग्रहणात काय कापले, याची चौकशी होते आणि निरपराध बाई जन्मभर स्वतःला दोष देत राहते. हे मला ग्रहणापेक्षा मोठे अशुभ वाटते. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जुळवता येतो. सुनेला वेळेवर जेवू द्या, पाणी पिऊ द्या, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू देऊ नका.

शंका : वडील ८० वर्षांचे, मधुमेही. वेधात त्यांनी उपाशी राहावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

समाधान : मुळीच नाही. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आणि चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी लागतात, असा परंपरेचा हिशेब आहे. पण बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना त्याच परंपरेने सवलत दिली आहे. तुमच्या वडिलांना औषधाबरोबर अन्न हवेच. त्यांनी ग्रहणकाळातही वेळेवर जेवावे. नियम पाळायची इच्छा असेल तर ग्रहण सुटल्यावर त्यांच्या हातून दान करवा.

शंका : सूर्यग्रहण काजळी धरलेल्या काचेतून किंवा परातीतल्या पाण्यात पाहिले तर चालते ना? (एक शिक्षिका, धुळे)

समाधान : चालत नाही. काजळीची काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही सुरक्षित नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे तो भाजला तरी त्या क्षणी समजत नाही. खास ग्रहणासाठी बनवलेले प्रमाणित चष्मे आणा, तेही ओरखडे नसलेले. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर सौर गाळणी बसवल्याशिवाय ती सूर्याकडे वळवू नका. मुले पुष्कळ असतील तर स्वयंपाकघरातली चाळण उन्हात धरा. तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक कोरलेला सूर्य उमटेल. झाडाखालच्या कवडशांतही तो दिसतो. सूर्याकडे पाठ करून सगळा वर्ग एकदम ग्रहण पाहू शकेल.

२ ऑगस्ट २०२७ ला, आषाढ अमावास्येला, दुपारनंतर कोकणपट्टीतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. दिवस पावसाळ्याचा आहे; पण ढग बाजूला झाले तर दारे-खिडक्या लावून बसू नका. ज्यांना जप करायचा त्यांनी करावा, दान द्यायचे त्यांनी द्यावे. घरातल्या मुलांच्या हाती मात्र एक चाळण द्या आणि त्यांना अंगणात जाऊ द्या.