घराण्यातली साखर

आठ वर्षांपूर्वी थोरल्यासाठी सांगून आलेलं एक स्थळ मी नाकारलं. मुलगी शिकलेली, हसतमुख. पण तिच्या वडिलांना साखर, आजोबांनाही होती. "घराण्यातच आहे, नको बाई," असं मीच म्हणाले. गेल्या वर्षी माझ्याच रक्तात साखर निघाली, आणि ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं.

भाची संख्याशास्त्र शिकलेली. तिला विचारलं, "घराण्यात असतं म्हणजे नेमकं काय गं?"

ती म्हणाली, "आत्या, थॅलेसेमियासारखा आजार एका जनुकाच्या दोषानं होतो. तिथं लग्नाआधी दोघांचं रक्त तपासणं शहाणपणाचंच. मधुमेहात मात्र शेकडो जनुकांचा हात असतो, प्रत्येकाचा चिमूटभर."

मग तिनं २००७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. सात आजार, प्रत्येकाचे सुमारे २,००० रुग्ण आणि तुलनेला ३,००० इतर माणसं. प्रत्येकाच्या जनुकांमधल्या जवळजवळ पाच लाख जागा तपासल्या. इतक्या जागा पाहिल्या, की निव्वळ योगायोगानंही फरक दिसतो. शंभरात पाच चुकांची नेहमीची सूट दिली, तर २५,००० खोट्या खुणा हाती येतील. म्हणून कसोटी फार कडक ठेवतात. एवढं करून मधुमेहाची जी सर्वांत ठळक खूण सापडली, तिची एक प्रत असली तर धोका दीडपटही होत नाही. ती असूनही आयुष्यभर मधुमेह न होणारे कितीतरी लोक आहेत.

हजारो माणसं तपासून शास्त्रज्ञ फक्त 'शक्यता' म्हणतात. मी एका घरातली दोन माणसं पाहून निकाल दिला होता.

घराण्याचं काहीच नसतं, असं मात्र नाही. आईवडिलांना साखर असेल तर मुलांचा धोका वाढतोच. पण घराण्याकडून नुसतं रक्त येत नाही. स्वयंपाकघर येतं, गोड चहा येतो, बैठी सवय येते. ही माहिती वेळेवर तपासणी करायला, पावलं चालायला आहे. माणूस नापास करायला नाही. अनेकान्त आपण प्रवचनात ऐकतो, आणि मुलगी बघताना एकाच बाजूनं बघतो.

आता धाकटीचं बघायचं आहे. समोरच्यांनी विचारलं, तर माझी साखर मी लपवणार नाही. आणि त्यावरून नकार आला, तर त्या मुलीच्या आईला तेव्हा काय वाटलं असेल, ते मला कळेल.