अचानक

आमच्याकडं गाडीनं दगा दिला की माणूस एकच शब्द बोलतो – "अचानक." अचानक टायर फुटला. अचानक पाटा तुटला. अचानक ब्रेक लागंना झाला. मी शेतकरी माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. पण या एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. कारण तो एकदा मी स्वतः वापरला आणि तेवीस वर्षं अंगावर वागवला.

थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून गेला. तेव्हा तो सोळा वर्षांचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, मोडीचे दागिने, त्यातलं सोनं-चांदी वितळवून, हीण काढून शुद्ध करून द्यायचं. आमची पोरं त्यासाठी पार केरळ-तामिळनाडूपर्यंत गेली. दादा सेलमला गेला. चांदीच्या पैंजणांचं ते मोठं ठिकाण. आधी दुसऱ्याच्या भट्टीपुढं बसला, मग स्वतःची भट्टी टाकली. वैनी इकडं म्हातारा-म्हातारीपाशी राहिली. वर्षातनं एकदा ती तिकडं, एकदा तो इकडं, असा त्यांचा संसार.

१९९७ ला दादानं पैसे धाडले आणि मी एक जुनी कमांडर जीप घेतली. तीच अजून दारात आहे. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, हरित कर, सगळं वेळच्या वेळी भरून ती मी कागदावर जिवंत ठेवली. चालते ती मळ्यापासून बाजारापर्यंत.

२०२२ च्या दिवाळीनंतर दादाचा फोन आला. "गलाई बंद करतोय. भट्टीपुढं बसवंना आता. न्यायला ये. पर रेल्वेनं न्हाई, आपल्या जीपनं ये. पैसं मी धाडलं आन् धा मैल बी बसलो न्हाई रं तिच्यात."

वैनी म्हणाली, "मी बी येणार. त्यांचं सामान मलाच बांधाय पायजे."

पोरगा म्हणाला, "अण्णा, भाड्यानं चांगली गाडी करू." त्याचं खरं होतं. विट्याहून कऱ्हाड, मग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी आणि सेलम. जायचेच नऊशे किलोमीटरच्या वर. पण दादानं आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. मी जीप मिस्त्रीकडं नेली.

मिस्त्री माझ्याच वयाचा. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी दोन प्रश्न विचारले. "कुठं जायाचंय?" आणि "कोन कोन बसनार?"

म्हटलं, "दुसरं कशाला? वजनासाठी?"

"वजनासाठी बी. आन् येकटा जानारा मानूस 'चालतंय' म्हनला तर मी त्याला अडवत न्हाई. दुसऱ्याला बसवनाऱ्यानं 'चालतंय' म्हनू नये."

त्यानं सहज म्हटलं. मला मात्र खाली बघावं लागलं.

मग आठ दिवस मी त्याच्याकडं हाताखालचा पोऱ्या होऊन राहिलो. जुनी गाडी लांब न्यायची म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. बाजाराला जाणारी जीप पंधरा मिनिटांत थांबते, तिचं दुखणं तेवढ्यात बाहेर येत नाही. सलग चार तास चालली की मगच ते बोलायला लागतं. रेडिएटर वरून साफ दिसत होता. खाली उतरवला तर निम्म्या नळ्या गाळानं बुजलेल्या. त्या सळई घालून मोकळ्या केल्या. पाण्याचे होज दाबून बघितले, एक फुगून मऊ झालेला. पंख्याचा पट्टा आतल्या बाजूनं चिरलेला. डिझेलचा फिल्टर, ऑइल, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस, सगळं बदललं. पाट्यांचे बुश खाऊन गेलेले, तेही टाकले.

टायर मला चांगले वाटत होते. नक्षी भरपूर होती. मिस्त्रीनं बॅटरी मारून टायरच्या कुशीवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर २०११ सालचे निघाले. "झिजलं न्हाईत म्हंजे ताजं हायत असं न्हवं. रबर बसल्या जागी म्हातारं हुतं." त्यानं अंगठ्यानं रबर ताणलं तशा बारीक भेगा उघडल्या, उन्हाळ्यातल्या रानासारख्या.

चौथ्या दिवशी त्यानं ब्रेकचे ड्रम उघडले. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम निघाला आणि मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. आत सगळं कोरडं होतं, गळती नव्हती. पण ते चाक मला ओळखीचं होतं.

१९९९ चा मे महिना. मी जीप वडापला लावली होती. परवाना नव्हता, कुणाकडंच नसायचा. दहा माणसांच्या जागेत पंधरा बसवायची. लगीनसराई असल्यानं रोज तीन फेऱ्या. एका सकाळी मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली दिसली. बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल. त्या चाकाच्या सिलिंडरचं रबर गेलेलं. काम दोन-अडीचशे रुपयांचं, पण गाडी एक दिवस उभी राहणार, आणि सराईतला एक दिवस म्हणजे त्याच्या तिप्पट. मी ऑइलची बाटली विकत आणली आणि सीटखाली ठेवली. रोज सकाळी टाकी बघायची, उतरली तेवढी भरायची, निघायचं. असे आठ दिवस.

नवव्या दिवशी घाटमाथ्यावरून विट्याकडं उतरताना पेडल तळाला गेलं. दोन-तीनदा मारून बघितलं, पोकळ. हँडब्रेक नावालाच होता. गिअर खाली टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. आत चौदा माणसं. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार लागला. वैनी पुढं बसली होती. तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर केलं, पण हाड जरा वाकडं बसलं ते बसलंच. भाकरी थापताना ती आजही डाव्या हातावर भार देते.

लोक जमले. मी म्हणालो, "अचानक ब्रेक गेला." सगळे म्हणाले, देव धावला. आणि म्हणाले, ड्रायव्हर हुशार, दरीकडं जाऊ दिली नाही. त्या वर्षी गावच्या यात्रेत मला फेटा बांधला. तो फेटा अजून ट्रंकेत आहे. मी तो कधी डोक्याला लावला नाही.

आता मला पडलेलं कोडं सांगतो. आठ दिवस मी तीच जीप, तीच गळती घेऊन चालवली. रोज सगळी माणसं आपापल्या घरी सुखरूप उतरली. त्या आठ दिवसांचा जाब मला कुणी विचारला नाही, मीही स्वतःला विचारला नाही. मग मी चुकलो कधी? नवव्या दिवशी? नवव्या दिवशी मी वेगळं काहीच केलं नव्हतं. तीच बाटली, तेच ओतणं. वेगळा झाला तो रबराचा तुकडा.

आपण माणसाला निकालावरून तोलतो. पाण्याच्या मोटरीची उघडी वायर बांधावर कितीजणांच्या मळ्यात पडलेली असते. ज्याच्या वायरीला कुणी शिवलं नाही तो शहाणा शेतकरी, ज्याच्या वायरीला परक्याचं पोर शिवलं तो गुन्हेगार. दोघांनी केलं एकच. फरक नशिबाचा. नशीब चांगलं निघालं म्हणून चूक कमी होते का? मला वाटतं, नाही. वैनीच्या हाताचा भार वेगळा, तो मी नाकारत नाही, तो मरेपर्यंत माझ्यावर आहे. पण भार वेगळा आणि चूक वेगळी. चूक पहिल्याच सकाळी झाली, बोटाला वास आला तेव्हा.

कुणी म्हणेल, गरिबाला सगळं दुरुस्त करत बसणं परवडत नाही. मीही मनाशी वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. आणि ते खोटं नाही. आमची औतं, मोटरी, घरांची पत्रं, सगळं तारेनं बांधून चालतं. पण मग जीपमध्ये बसणाऱ्याला मी ते का सांगितलं नाही? "बाबांनो, ब्रेक गळतोय, मी ऑइल ओतून चालवतोय, बसायचं तर बसा." असं म्हणालो असतो तर एकही माणूस बसला नसता. तिथंच माझ्या परवडण्याचं उत्तर आहे. माझा धंदा त्यांच्या न कळण्यावर चालला होता.

हे मी मिस्त्रीला सांगितलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. तो लायनर घासत होता, थांबला नाही. एवढंच म्हणाला, "समद्या गाड्या आधी सांगत्यात. कुनी ऐकतंय, कुनी रेडिओ मोठा करतंय." मग त्यानं चारी चाकांची रबरं बदलली, ब्रेकचे होज बदलले आणि जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन भरलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. जुनं झालं की लांबच्या उतारावर तापून त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ होतं. हे मला एवढी वर्षं गाडी चालवून ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनं विचारलं म्हणून कळलं.

मग प्रश्न येतो, किती तपासायचं? निर्दोष गाडी कुठं असते? सगळं नवं करायचं म्हटलं तर माणूस उंबरा ओलांडायचा नाही. मी माझ्यापुरती खूण ठरवली. काही गोष्टी मला ठाऊक असतात, काही बघितल्या तर कळतात आणि काही बघूनही कळत नाहीत. पहिल्या दोन्हींना पाना लावायचा. तिसऱ्यासाठी नारळ. आम्ही खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालतो, लिंबू बांधतो, ते मला खोटं वाटत नाही. खोटं तेव्हा होतं, जेव्हा पान्याचं काम आपण नारळावर ढकलतो. त्या साली माझ्या जीपच्या पुढं लिंबू होतंच की.

निघायच्या आदल्या रात्री मी वैनीकडं गेलो. ती चटणीच्या पुड्या बांधत होती. मी उभ्यानंच सांगितलं, की त्या वेळी ब्रेक अचानक गेला नव्हता, मला आधीपासून ठाऊक होतं.

ती बराच वेळ पुडीचा दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाटली बघितली हुती मी. तुमी टपाखाली ओतत हुतासा."

"मग इचारलं का न्हाई?"

"तुमाला म्हाईत हाय म्हनूनच इचारलं न्हाई, भावजी."

मला तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. या एका वाक्यात सगळं होतं. पुढं बसणारा माणूस चालवणाऱ्याच्या जाणतेपणावर डोळे मिटतो. ते डोळे मी नऊ दिवस वापरले.

थोड्या वेळानं म्हणाली, "ह्यांना सांगा. जीप त्यांच्या पैशाची." आणि मग, "सकाळी किती वाजता निघायचं?"

पहाटे चारला निघालो. मी, वैनी आणि बदलीला पोरगा. कऱ्हाडला हायवेला लागल्यावर पहिल्याच ढाब्यावर चाकांचे नट पुन्हा आवळले. चाक काढून बसवलं की थोडं अंतर गेल्यावर नट आवळावेच लागतात. साठच्या वर गाडी नेली नाही. चित्रदुर्गाला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी धर्मपुरी सोडली आणि थोप्पूरचा घाट लागला.

हा घाट सेलमकडं जाताना लांबलचक उतरतो. दिसायला आमच्या घाटासारखा नागमोडी नाही, म्हणून फसवतो. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रल करून सोडतात, ब्रेकवर ब्रेक मारून ते तापतात आणि मग लागत नाहीत. तिथं मोठमोठे अपघात झालेले आहेत. मी वरच तिसरा गिअर टाकला. इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवली, ब्रेक फक्त टेकवत गेलो. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, त्यांना जाऊ दिलं. वैनीनं पुढची दांडी धरली होती. वाकड्या हातानंच. मी त्या हाताकडं बघितलं नाही, रस्त्याकडं बघितलं. पेडल शेवटपर्यंत दगडासारखं घट्ट होतं.

दादाला मी परतीच्या वाटेवर सांगितलं, त्याच घाटात, चढ चढताना. मागं त्याच्या मुशी, चिमटे, तराजू यांचं खोकं वाजत होतं. तो बाहेर बघत सगळं ऐकत होता. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या मालातलं हीण काढलेला माणूस. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल.

तो म्हणाला, "फुडच्या ढाब्याला थांब. ऑइल बघू."

थांबलो. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या टाकीवर मिस्त्रीनं खडूनं रेघ मारून दिली होती. पातळी रेघेवर होती. दादानं वाकून, चष्मा सारून स्वतः बघितली. मग वैनीला हाक मारली आणि तिलाही दाखवली.