ठरलेली मजुरी, न्याय्य मजुरी

मालकाने मजुरी सांगितली, मजुराने ती मान्य केली, आणि काम संपल्यावर ठरलेले पैसे हाती पडले. एवढ्याने न्याय पुरा झाला काय? की ठरलेले सारे देऊनही मालकाच्या खात्यावर काही देणे शिल्लक राहते? प्रश्न जुना आहे. व्यवहार त्याचे उत्तर एका शब्दात देतो : करार झाला, विषय संपला. ख्रिस्तसभेला मात्र हे उत्तर कधी पुरेसे वाटलेले नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात स्पष्टपणे शिकवले, की उभयतांच्या संमतीच्याही आधी एक नैसर्गिक न्याय असतो, आणि काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाचा निर्वाह चालेल इतके वेतन देणे ही त्या न्यायाची मागणी आहे. गरजेपायी किंवा याहून वाईट पाळी येईल या भीतीपायी दिलेल्या होकाराला आपण खरीखुरी संमती म्हणू शकत नाही.

हे तत्त्व ऐकायला सोपे वाटते. ते व्यवहारात उतरवताना काय घडते, हे पाहण्यासाठी आपण ब्राझील या देशाकडे दृष्टी वळवू. जगात सर्वाधिक कॅथलिक असलेला हा देश. तेथील श्रमिकांच्या पगाराची कहाणी आपल्याही सदसद्विवेकबुद्धीला काही विचारते, असे आम्हांस वाटते.

ब्राझीलमध्ये किमान वेतनाचा कायदा १ मे १९४० रोजी, जेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीत अमलात आला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३८ च्या एका हुकूमनाम्यात, एका प्रौढ कामगाराला महिनाभर लागणाऱ्या अन्नाची यादी ठरविण्यात आली होती. तीत तेरा जिन्नस होते. साओ पाउलोच्या विभागासाठी त्यांची मापे अशी : सहा किलो मांस, साडेचार किलो घेवडा, तीन किलो तांदूळ, सहा किलो पाव, सहाशे ग्रॅम कॉफी, नव्वद केळी, शिवाय दूध, साखर, टोमॅटो, बटाटे, पीठ, तेल आणि लोणी. ही यादी आम्हांला फार बोलकी वाटते. माणूस काय खातो हे आधी पाहावे आणि मग त्याचे वेतन ठरवावे, हा तिच्यामागील विचार होय. १९८८ च्या राज्यघटनेने तर पुढे जाऊन म्हटले, की किमान वेतनातून कामगाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या निवारा, अन्न, शिक्षण, आरोग्य, विरंगुळा, वस्त्र, स्वच्छता, प्रवास आणि सामाजिक सुरक्षा या गरजा भागल्या पाहिजेत. लिओ तेराव्यांच्या शिकवणीशी याहून जवळचे नाते सांगणारा कायदा क्वचितच सापडेल.

आता प्रत्यक्षाकडे वळू. कामगार संघटनांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली ‘दिएसे’ नावाची एक संशोधन संस्था या अन्नाच्या टोपलीची किंमत दरमहा मोजते आणि घटनेतील शब्द खरे करायचे तर चौघांच्या कुटुंबाला किती वेतन हवे, याचा हिशेब मांडते. डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोत त्या टोपलीला सुमारे ८४१ रेआल पडत होते. त्या वेळी किमान वेतन होते १,४१२ रेआल. म्हणजे महिन्याच्या २२० तासांच्या कामापैकी १३१ तास एका माणसाच्या अन्नासाठीच खर्ची पडत. घरभाडे, औषधपाणी, बसचे भाडे आणि मुलांची पुस्तके उरलेल्या ८९ तासांतून भागवायची. संस्थेच्या हिशेबाने आवश्यक वेतन होते सुमारे ७,०६७ रेआल, प्रत्यक्षाच्या पाचपट. पुढील वर्षी, २०२५ मध्ये, किमान वेतन १,५१८ रेआल झाले, तरी दरी काही बुजली नाही.

येथे कोणी म्हणेल, महिनाअखेर माणसे जगलीच ना? मग तूट कोठे गेली? आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म याच ठिकाणी आहे. वेतनातील तूट कधीही हवेत विरत नाही. ती कोणीतरी भरतेच. आई स्वतःच्या ताटातले कमी करून ती भरते. मुलगा शाळा सोडून ती भरतो. बाप दुसरी पाळी करून, झोप मोडून ती भरतो. स्वस्त भाड्यासाठी शहराच्या टोकाला राहायला गेलेले कुटुंब रोजचे कित्येक तास बसमध्ये घालवून ती भरते. साओ पाउलोच्या कानिंदे झोपडपट्टीत कागद वेचून तीन मुले वाढविणाऱ्या कारोलिना मारिया दे जेझुस यांची रोजनिशी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. आज किती मिळाले आणि पावाला, घेवड्याला किती गेले, याच्या नोंदी तिच्या पानोपानी आहेत. भुकेचा हिशेब गरिबाला तोंडपाठ असतो. तो हिशेब ज्यांनी वाचायला हवा, त्यांनाच तो सहसा ठाऊक नसतो.

मजुरी बुडविण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. पगाराचा आकडा तोच ठेवायचा अन् पैशाची किंमत खाली जाऊ द्यायची. १९९३ या एका वर्षात ब्राझीलमधील भाववाढ सुमारे २,४७७ टक्के होती. वर्षारंभी शंभरास मिळणारा जिन्नस वर्षअखेर अडीच हजारांवर गेला. पगार झाला की त्याच दिवशी दुकान गाठायचे, कारण उद्या तोच पैसा कमी धान्य आणणार. ज्यांची बँकेत खाती होती, त्यांचा पैसा रोजच्या रोज व्याज मिळवून तग धरी. ज्यांच्या खिशात केवळ नोटा होत्या, त्यांचा पैसा खिशातच वितळे. १ जुलै १९९४ रोजी ‘रेआल’ हे नवे चलन आले आणि भाववाढ आटोक्यात आली. त्या दिवशी किमान वेतन होते अवघे ६४ रेआल ७९ सेंताव्हो. पैशाची किंमत स्थिर ठेवणे ही केवळ अर्थशास्त्राची नव्हे, तर नीतीची बाब आहे, हे त्या काळाने दाखवून दिले.

याहून गंभीर गोष्ट लष्करी राजवटीत घडली होती. १९७३ साली सरकारने भाववाढीचा अधिकृत आकडा प्रत्यक्षाहून कमी दाखविला. पगारवाढ त्याच आकड्यावर बेतलेली असल्याने कामगारांचे वेतन गुपचूप कापले गेले. १९७७ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा बुडालेल्या वेतनापोटी ३४.१ टक्के भरपाईची मागणी कामगारांनी केली. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, असे नीतिसूत्रे सांगतात. ती तागडी बाजारातल्या वाण्याच्या हातीच असते असे नाही. ती सरकारी कागदातही असू शकते.

याच काळात साओ पाउलोच्या दक्षिण टोकाच्या वस्त्यांमध्ये, धर्मग्रामांतील मातांच्या मंडळांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी घरोघरी जाऊन चौकशी केली : तुमच्या घरात किती येते, किती जाते, काय कमी पडते? त्यातून महागाईविरोधी चळवळ उभी राहिली. तेरा लाख सह्या गोळा झाल्या आणि २७ ऑगस्ट १९७८ रोजी साओ पाउलोच्या कॅथेड्रलसमोर हजारो माणसे जमली. जीवनावश्यक वस्तूंचे भाव रोखा आणि पगार वाढवा, एवढेच त्यांचे मागणे होते. सह्या खोट्या आहेत, असे सरकारचे उत्तर आले. ज्या राजवटीने भावांचे आकडे खोटे सांगितले, तिने मातांच्या सह्या खोट्या ठरवाव्यात, यात एक क्रूर विसंगती आहे.

त्या चळवळीत सांतो दियास दा सिल्व्हा हा कामगार आणि त्याची पत्नी आना ही दोघेही होती. कामगारांमधील धर्मसेवेच्या कार्यातही सांतो होता. ३० ऑक्टोबर १९७९ रोजी संपाच्या वेळी एका कारखान्याच्या दारापुढे पोलिसांच्या गोळीने तो मरण पावला. त्याचे वय ३७ वर्षांचे होते. त्याचा देह कॅथेड्रलमध्ये आणला गेला आणि कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स यांनी त्याच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण केले. मजुरांची अडकवलेली मजुरी सेनाधीश प्रभूच्या कानापर्यंत ओरडत जाते, असे संत याकोब सांगतो. त्या दिवशी ती ओरड वेदीपर्यंत आली होती.

आता विरुद्ध पक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. पाचपट पगार द्यायचा कोठून? छोटा दुकानदार, दोन गड्यांवर शेती करणारा शेतकरी यांच्यापाशी तेवढे नसतेच. कायद्याने आकडा वाढविला तर काही जणांचे काम जाईल, काही जण नोंदीबाहेर ढकलले जातील. ही भीती निराधार नाही. ब्राझीलमध्ये दहांपैकी सुमारे चार श्रमिक आजही नोंदणीच्या बाहेर काम करतात आणि कायद्याचा आकडा त्यांच्या दारापर्यंत पोहोचतोच असे नाही. आम्ही हा आक्षेप टाळू इच्छीत नाही. परंतु यातून वेतन कसे वाढवावे, हा प्रश्न कठीण आहे एवढेच सिद्ध होते. अपुरे वेतन न्याय्य आहे, हे सिद्ध होत नाही. देणे फेडता येत नाही म्हणून ते देणे नव्हते, असे कोणता प्रामाणिक ऋणको म्हणेल?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात येथे मोलाची मदत केली आहे. समोर उभा असलेला मालक हा प्रत्यक्ष मालक. पण वेतनाची परिस्थिती घडविणारे राज्य, कायदे, व्यापार आणि संस्था हे सारे मिळून अप्रत्यक्ष मालक होत. जे एकट्याला झेपत नाही, त्याचे उत्तरदायित्व सर्वांवर येते. ब्राझीलने २००३ मध्ये गरीब कुटुंबांना दरमहा साहाय्य देणारी ‘बोल्सा फामिलिया’ योजना सुरू केली आणि तिला मुलांच्या शाळेतील हजेरीची व लसीकरणाची अट जोडली. मुलाने शाळा सोडून जी तूट भरली असती, ती समाजाने आपल्या अंगावर घेतली, असा तिचा अर्थ आम्ही लावतो. घरकाम करणाऱ्या लाखो स्त्रियांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क मिळायला मात्र २०१३ ची घटनादुरुस्ती उजाडावी लागली. सर्वांच्या डोळ्यांसमोर, स्वयंपाकघरात उभी असलेली कामकरीण सर्वांत शेवटी दिसली!

हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण ते केवळ ब्राझीलबद्दल राहत नाही. १९७१ मध्ये जगभरच्या बिशपांच्या सभेने म्हटले, की जो इतरांना न्याय सांगतो, त्याने आधी स्वतः न्यायी असले पाहिजे, आणि ख्रिस्तसभेची सेवा करणाऱ्यांना पुरेसा निर्वाह मिळाला पाहिजे. मग आपल्या धर्मग्रामात घंटा वाजविणाऱ्या, ख्रिस्तमंदिर झाडणाऱ्या, स्मशानभूमी राखणाऱ्या माणसाचा पगार आपण कसा ठरविला? त्याच्या घरी माणसे किती, हे विचारून, की ‘तेवढ्यात तयार आहे’ म्हणून? आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे पैसे शेवटचे कधी वाढविले? त्याच काळात तांदळाचा भाव कितीदा वाढला?

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला देवाच्या औदार्याविषयी आहे. तो वेतनाचा तक्ता नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही त्या धन्याची एक कृती ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवस मावळताना चौकात रिकामे उभे असलेल्यांना त्याने विचारले, की तुम्ही येथे का उभे आहात. त्यांचे उत्तर त्याने ऐकून घेतले. आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर पूर्ण दिनार ठेवला, ज्यावर एका घराचा एक दिवस निघत असे. तासांचा हिशेब त्यालाही येत होता. त्याने आधी घराचा हिशेब केला. साओ पाउलोच्या मातांनी दारोदार जाऊन तेच विचारले होते. आपल्याकडे काम करणाऱ्याला तो प्रश्न विचारायला आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. उत्तर ऐकल्यावर जे देणे निघेल, ते फेडण्याची तयारी मात्र आधी करावी लागेल.